कॅमेऱ्यामागची मुलगी

दोस्तांनो, अंगणातला फॅशन शो पाहिलाय का कधी? मी पाहिला. तोही गेल्या मे महिन्यात, भर कोकणात!

रत्नागिरी शहराला अगदी लागून असलेलं मिरजोळे हे माझं माहेर. गावात एकीकडे एमआयडीसीचे कारखाने, एकीकडे विमानतळ आणि मध्येच आमच्यासारखी जांभ्या दगडाची घरं नि आंब्याची कलमं. सुट्टीत मुंबई-पुण्याची भावंडं आली की घर नुसतं दणाणून जातं. यंदा या मंडळींनी ठरवलं, की आपण एक फॅशन फिल्म काढायची.

तयारी काय विचारता! तुळशीवृंदावनापासून गडग्यापर्यंतची वाट म्हणजे रॅम्प. आजीचं नऊवारी, काकांची लुंगी, आजोबांचा जुना कोट आणि गोणपाटाचा स्कर्ट हे कपडे. एकेक जण कमरेवर हात ठेवून ऐटीत चालत येई, गडग्यापाशी गर्रकन वळे आणि परत जाई. कोंबड्या मध्ये आल्या की 'कट!'

या सगळ्याचं चित्रीकरण करत होती माझी भाची. नववीतली, सावळी, उंचनिंच, कबड्डीच्या संघातली. मी तिला म्हटलं, "अगं, तू कधी चालणार?"

"मी शूट करत्ये ना आत्या. मला नको."

तेवढ्यात तिचा एक चुलतभाऊ ओरडला, "ती आली तर फिल्टरपण हँग होईल!"

सगळे खो-खो हसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, सांगू? तीच.

रात्री मी तिच्याकडून घरातले फोटो बघायला घेतले. गणपती, शिमगा, काकाचं लग्न, शाळेची सहल. फोटो सुंदर होते, पण एकाही फोटोत ती नव्हती. सहावीनंतरचा तिचा एकही फोटो नाही! एका फोटोत मात्र अंगणात एक लांब सावली पडली होती. हातात मोबाइल धरलेल्या मुलीची सावली.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात अशी एखादी मुलगी आहे का? किंवा एखादा मुलगा? कदाचित तो किंवा ती तुम्हीच असाल. म्हणूनच आज आपण थोडं बोलूया.

पट्टी कुणी बनवली?

वर्गात आपण पट्टीनं रेषा मोजतो. पुण्यातली पट्टी असो की पॅरिसमधली, सेंटिमीटर सगळीकडे सारखाच. दिसण्याचं तसं आहे का?

आमच्या आजीनंच एक गंमत सांगितली. तिची आजी दातवण लावून दात काळे करायची, आणि काळेभोर दात चांगले दिसतात असं तेव्हा मानायचे. आज टूथपेस्टच्या जाहिरातीत काय दाखवतात? पांढरेशुभ्र दात! जपानमध्येही एकोणिसाव्या शतकापर्यंत थोरामोठ्यांच्या घरातल्या बायका हौसेनं दात काळे करत. चीनमध्ये तर लहान मुलींची पावलं कापडानं घट्ट बांधत, कारण इवलंसं पाऊल म्हणजे सौंदर्य. त्या मुली जन्मभर नीट चालू शकत नसत. विसाव्या शतकात ती प्रथा बंद पडली आणि त्याबरोबर ते 'सौंदर्य'ही संपलं.

आता रत्नागिरीतच या. थिबा राजवाडा तुम्ही पाहिला असेल किंवा त्याबद्दल ऐकलं असेल. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथंच वारला. त्याच्या देशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मुली 'थनाखा' नावाच्या झाडाची साल सहाणेसारख्या दगडावर पाण्यात उगाळतात आणि तो लेप गालांवर उठून दिसेल असा लावतात. आपल्याकडे कुणी तसं शाळेत आलं, तर आपण म्हणू, "पावडर पुसायची राहिली वाटतं!" तिकडे मात्र ती नटण्याची रीत आहे.

म्हणजे बघा, ही पट्टी देशागणिक बदलते, काळागणिक बदलते. निसर्गानं ती दिलेली नाही. माणसांनी केलेली आहे.

आणि निसर्गाचं म्हणाल, तर त्याचा हिशेब वेगळाच आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येनं असतात. फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात त्याचा. उन्हातल्या अतिनील किरणांपासून हे मेलॅनिन त्वचेचं रक्षण करतं. कोकणच्या उन्हात सावळा रंग म्हणजे अंगावरची छत्रीच म्हणा ना!

तरीसुद्धा आमची आजी, हो, तीच दातवणाची गोष्ट सांगणारी आजी, नातीला रोज बजावते, "उन्हात जाव नको गो बाय, काळी होशील." पंढरपूरच्या सावळ्या विठोबाच्या दर्शनाला लोक तास न् तास रांगेत उभे राहतात. आणि घरी आल्यावर तेच लोक लग्नाच्या जाहिरातीत छापतात, 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे'. आहे की नाही कोडं?

दोन मिनिटांची गोष्ट

हे कोडं सोडवायचं तर जाहिरातीकडे जावं लागेल. फॅशन फिल्म म्हणजे काय? कपडे किंवा नटण्याच्या वस्तू दाखवणारी छोटीशी फिल्म. दुकानदार तुम्हाला 'घ्या, घ्या' असं म्हणत नाही. तो एक गोष्ट सांगतो. सुंदर प्रकाश, सुंदर गाणं, सुंदर माणसं. आपण गोष्ट बघतो आणि नकळत ठरवून टाकतो, की असं दिसायला हवं.

आपल्या देशात १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम बाजारात आलं. त्याच्या टीव्हीवरच्या जाहिराती तुमच्या आईबाबांना विचारा, अजून आठवत असतील. एक सावळी मुलगी, उदास. नोकरी नाही, कुणी विचारत नाही. मग ती क्रीम लावते. चेहरे एकापुढे एक ठेवलेले, प्रत्येक पुढचा जरा जास्त उजळ. आणि शेवटी नोकरी, टाळ्या, आईबाबांच्या डोळ्यांत आनंद! मुलीचा अभ्यास, तिची हुशारी कुठं गेली? त्या गोष्टीत त्यांना जागाच नव्हती.

याविरुद्ध महिला संघटनांनी तक्रारी केल्या आणि २००३ साली यातल्या काही जाहिराती थांबवाव्या लागल्या. पुढे २०१४ साली जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेनं नियमच केला. सावळ्या माणसाला दुःखी, कुरूप किंवा अपयशी दाखवायचं नाही, रंगामुळे लग्न किंवा नोकरी अडते असं सुचवायचं नाही. २०२० साली कंपनीनं क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्दही काढला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झालं.

नाव बदललं. पण पंचेचाळीस वर्षं ऐकलेली गोष्ट डोक्यातून इतक्या लवकर कशी जाईल? मिरजोळ्याच्या अंगणात 'फिल्टर हँग होईल' म्हणणाऱ्या मुलानं त्या जुन्या जाहिराती पाहिलेल्याही नाहीत. गोष्ट मात्र त्याच्यापर्यंत बरोबर पोचली!

कॅमेरासुद्धा फसवतो बरं!

"पण आत्या, फोटोत मी खरंच वाईट दिसते," भाची मला म्हणाली. तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे. दोष तिच्या चेहऱ्याचा नाही, कॅमेऱ्याचा!

पूर्वी फोटो रंगीत फिल्मवर काढत आणि प्रयोगशाळेत धुऊन छापत. रंग बरोबर आले का, हे तपासायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो पाठवायची. त्यात एक गोरी बाई असे. पहिल्या बाईचं नाव शर्ली होतं, म्हणून पुढे सगळ्याच नमुन्यांना 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. शर्लीचा चेहरा छान आला, की काम फत्ते! मग सावळ्या नि काळ्या माणसांचे चेहरे फोटोत कसे येत? नुसते काळे ठिपके, डोळे आणि दात तेवढे दिसणारे. आणखी गंमत ऐका. ही चूक सुधारायला कंपनीला भाग पाडलं ते चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी. आमच्या चॉकलेटच्या आणि लाकडाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. चॉकलेटचं ऐकलं, माणसांचं नव्हतं ऐकलं!

आजचे मोबाइल पुष्कळ सुधारलेत, पण खोड्या संपलेल्या नाहीत. पाठीमागे लखलखीत आकाश असलं, की मोबाइल एकंदर उजेड बेतायला बघतो आणि समोरचा चेहरा काळवंडतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा, लगेच फरक दिसेल.

आणि सेल्फी? अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली गणित मांडून दाखवलं, की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत ते असतं तसं दिसतं. कारण सोपं आहे. कॅमेरा फार जवळ असला, की नाक त्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं आणि जवळची वस्तू मोठी दिसते. म्हणजे 'माझं नाक केवढं' म्हणून रडणाऱ्या कितीतरी जणांचा हात नुसता आखूड असतो!

जे कॅमेऱ्यासमोर उभे राहिले

आता काही माणसांची ओळख करून देते. ही मंडळी कुणी आपल्याला फ्रेममध्ये बोलावेल म्हणून वाट पाहत बसली नाहीत.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या वाचायला एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी येत असे. ती जीन्स घालून केंद्रावर यायची आणि बातम्यांपुरती त्यावरच साडी नेसायची, असं तिच्याबद्दल नेहमी सांगतात. ती मुलगी म्हणजे स्मिता पाटील. तिनं रंग लपवला नाही. 'जैत रे जैत', 'भूमिका', 'उंबरठा' अशा चित्रपटांत ती काम करत गेली आणि तिला दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. पण 'नायिका गोरीच हवी' या समजुतीला तिनं दिलेला धक्का लोक विसरले नाहीत.

दुसरी आपली नागपूरची मधु सप्रे. मैदानावर वाढलेली खेळाडू. सावळी, रुंद खांद्यांची. मॉडेल म्हणजे नाजूक बाहुली, असं मानणाऱ्यांना ती कशी चालावी? पण १९९२ साली ती भारताची सौंदर्यवती ठरली आणि बँकॉकला विश्वसुंदरी स्पर्धेत जगात तिसरी आली. तिथं तिला विचारलं, की तू देशाची प्रमुख झालीस तर काय करशील? तिनं सांगितलं, मोठं क्रीडांगण बांधीन! अनेकांना वाटलं, की हे उत्तर तिला भोवलं. मला मात्र वाटतं, जिला पळायला आवडतं तिनं दुसरं काय मागावं?

आता मुलांकडे वळूया. कारण हे दुखणं फक्त मुलींचं नाही. 'काडीपैलवान', 'ढोल्या', 'बुटक्या', 'काळ्या' या हाका मुलांनाच जास्त ऐकाव्या लागतात, आणि 'मुलगा आहेस ना, मनाला लावून काय घेतोस' हेही वर ऐकावं लागतं. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा २०१३ सालचा चित्रपट मोठ्यांबरोबर बसून बघा. त्यातला जब्या आपल्या रंगापायी आणि त्याहून जास्त आपल्या जातीपायी वर्गात दबून असतो. दिसण्यावरून हिणवण्यामागे कधीकधी जातीचं हिणवणंही लपलेलं असतं, हे तो चित्रपट स्पष्ट दाखवतो. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे हा खेड्यातला मुलगा. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच दिग्दर्शकाच्या 'सैराट'मध्ये २०१६ साली अकलूजची रिंकू राजगुरू आली, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवत. तेव्हा ती शाळेतच होती. तिच्यासारख्या दिसणाऱ्या किती मुलींना त्या दिवशी पडद्यावर आपण दिसलो असं वाटलं असेल!

त्याच वर्षी सचिन कुंडलकर यांचा 'वजनदार' आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट या दोघींनी त्यासाठी मुद्दाम वजन वाढवलं. त्याच वर्षी मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये, जिथं एरवी काटकुळी मॉडेल्सच चालतात, तिथं चाचणी घेऊन निवडलेली जाड अंगाची मॉडेल्स रॅम्पवर आली. आणि २०१९ साली अभिनेत्री नंदिता दास यांनी 'इंडियाज गॉट कलर' नावाची छोटीशी गाण्याची फिल्म केली. रंगावरून चालणाऱ्या भेदभावाला तिनं हसतखेळत चिमटे काढले. जाहिरातवाल्यांचंच हत्यार होतं ते, दोन-तीन मिनिटांची फिल्म! गोष्ट मात्र उलटी सांगितली.

हे मात्र गंमतीचं नाही

आता जरा कान देऊन ऐका. गोरं व्हायच्या नादात मुलं-मुली काय काय तोंडाला फासतात, याचा मोठ्यांना पत्ताच नसतो. २०२३ च्या सुरुवातीची गोष्ट आहे. विदर्भातल्या एका कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला. कारण शोधता शोधता डॉक्टर पोचले एका रंग उजळणाऱ्या क्रीमपाशी. त्यात पारा होता! पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मग त्वचा पातळ होते, पुरळ उठतं, ऊन सोसत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही लावायचं नाही. डब्यावर काय काय घातलंय ते छापलेलं नसेल, तर मुळीच नाही.

तीच गोष्ट उपाशी राहण्याची आणि जिममध्ये मिळणाऱ्या डब्यांमधल्या पावडरींची. तुमचं वय वाढीचं आहे. हाडं वाढताहेत, रक्त वाढतंय. डबा न खाता परत आणायचा, जेवण टाळायचं, असं मनात येत असेल तर आई, बाबा, आवडत्या बाई किंवा सर, कुणाला तरी सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.

मिरजोळ्याला पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून आम्ही फणसाच्या आठळ्या सोलत होतो. तेव्हा शर्लीपासून विठोबापर्यंत हे सगळं मी मुलांना सांगितलं. आजीही ऐकत होती. मग त्या फिल्टरवाल्या चुलतभावाला बारा इंचांवरून सेल्फी काढायला लावली, आणि लगेच पाच फुटांवरून फोटो. दोन्ही नाकं शेजारी शेजारी पाहिली आणि अख्खी ओटी हसली. या वेळी तो सगळ्यांत कमी हसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मला काय माहीत, तिला वाईट वाटतं म्हणून. ती तर हसली होती."

दोस्तांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. 'ती तर हसली होती.' आपण चिडवतो तेव्हा समोरचा हसतो, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नाही.

संध्याकाळी पाच वाजता फिल्म पुन्हा काढायची ठरली. उन्हं कलली होती, उजेड मऊ होता. नियम एकच, फिल्टर नाही. मोबाइल धरला चुलतभावानं. सगळे चालून झाले. भाची बराच वेळ तुळशीपाशी उभी होती. मग आली. नऊवारी नाही, काही नाही. अंगात तिचा रोजचा कबड्डीचा टी-शर्ट आणि गुडघ्यावर पडल्याचा जुना वण. गडग्यापर्यंत गेली, वळली आणि कॅमेऱ्याकडे बघून थांबली. अकरा सेकंद. मग म्हणाली, "पुरे!" आणि मोबाइल मागून घेतला.

अकरा सेकंदांत सगळं बदलत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो तुकडा काढून टाकायचा विषय काढला होता, हेही सांगते. पण काढला नाही. तो अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे. आणि आजीनं तो आठ वेळा पाहिला. आठव्यांदा म्हणाली, "माझ्या आईसारखी चालते गो ही."

करून बघा : तुमची फॅशन फिल्म

१. घरातले जुने कपडे घ्या. प्रत्येकानं आपला कपडा कुणाचा आणि त्याची आठवण काय, ते एका वाक्यात सांगायचं.

२. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या मऊ उजेडात चित्रीकरण करा. कॅमेरा पाच फूट लांब धरा. फिल्टर बंद.

३. मोबाइल आळीपाळीनं धरा. नेहमी कॅमेऱ्यामागे असणाऱ्याला समोर बोलवा. नको म्हटलं तर ओढू नका. पण पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

४. कुणाच्या दिसण्यावर विनोद नाही. कोंबड्यांवर चालेल!

५. ज्याचा फोटो, त्याला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय तो कुठंही पाठवायचा नाही.

आणि हो, आज रात्री तुमच्या घरातले फोटो एकदा चाळून बघा. कोण कोण दिसतं ते तर बघाच. पण कोण दिसत नाही, तेही बघा.